सहाचं दान आणि बेरजेचा मोह

लुडोत सोंगटी घराबाहेर काढायला सहाचं दान लागतं. ते पडता पडत नाही. मग एखादं हुशार पोर हिशेब मांडतं: एका फेकीत शक्यता एक षष्ठांश, तर तीन फेकींत तीन षष्ठांश, म्हणजे निम्मी! ऐकायला गोड. पण हाच हिशेब पुढे नेला तर सहाव्या फेकीपर्यंत सहा पडायलाच हवा, आणि सात फेकींत शक्यता एकाच्याही वर जाते.

बेरीज चुकीची नाही, जागा चुकीची आहे. एका फेकीत पाच किंवा सहा पडण्याची शक्यता काढायची असेल, तर १/६ आणि १/६ बिनधास्त मिळवा, उत्तर १/३. कारण एकाच फेकीत पाच आणि सहा दोन्ही पडत नाहीत. अशा घटनांना ‘परस्पर अपवर्जी’ म्हणतात. नाव जड आहे. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, ही म्हण जास्त कामाची. विद्यार्थी याच घटनांना ‘स्वतंत्र’ समजून बसतात, ते तर साफ उलटं. पाच पडला असं कळताच सहाची शक्यता शून्य झाली. याला स्वतंत्र कसं म्हणणार?

पहिल्या फेकीतला सहा आणि दुसऱ्या फेकीतला सहा यांचं मात्र असं वैर नाही. दोन फेकींच्या ३६ जोड्या कागदावर मांडा. पहिल्या जागी सहा असलेल्या ६, दुसऱ्या जागी सहा असलेल्या ६. पण ‘सहा-सहा’ ही जोडी दोन्हीकडे मोजली गेली. ती एकदा वजा केली की १२ नव्हे, ११ उरतात. तीन फेकींसाठी उलटीकडून जाणं सोपं: एकदाही सहा न पडण्याचे प्रकार ५×५×५ म्हणजे १२५, एकूण २१६. उरले ९१, सुमारे ४२ टक्के.

असल्याच हिशेबांवर १६५४ साली पास्कल आणि फर्मा या गणितज्ञांचा पत्रव्यवहार चालला होता. शेवालिए द मेरे या लेखकाला पडलेलं कोडं पास्कलने एका पत्रात मांडलं. एका फाशाच्या ४ फेकींत सहा पाडण्याची पैज फायद्याची; मग दोन फाशांच्या २४ फेकींत सहाची जोडी पाडण्याची पैज तोट्याची कशी? ४ ला ६, तसे २४ ला ३६! पण शक्यता अशी त्रैराशिकाने वाढत नाही. पहिली पैज ५१.८ टक्के, दुसरी ४९.१.

आणि सहा फेकींनंतरही लुडोत तिघांपैकी साधारण एक जण घरातच बसलेला असतो.