शाळेची भाषा आणि मुलाचा पाऊस : नागराज मंजुळे यांचे दोन लघुपट

लघुपट म्हणजे पूर्ण लांबीच्या चित्रपटाची पूर्वतयारी, असा एक समज रूढ आहे. नागराज मंजुळे यांच्या लघुपटांकडेही बहुधा ‘फँड्री’ (२०१३) व ‘सैराट’ (२०१६) यांच्या आधीची पायरी म्हणूनच पाहिले जाते. हा समज तपासून पाहण्याजोगा आहे. ‘सैराट’ला अभूतपूर्व व्यावसायिक यश लाभल्यानंतर या दिग्दर्शकाने २०१७ मध्ये ‘पावसाचा निबंध’ हा लघुपटच केला. प्रस्तुत लेखात हा लघुपट आणि त्याआधीचा ‘पिस्तुल्या’ यांचा विचार शाळेच्या संदर्भात केला आहे.

‘पिस्तुल्या’ची निर्मिती एका महाविद्यालयाशी निगडित आहे. सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथील मंजुळे यांनी अहमदनगरच्या (आजचे अहिल्यानगर) न्यू आर्ट्‌स महाविद्यालयात संज्ञापन अभ्यासाचे शिक्षण घेताना हा लघुपट केला. उमेश कुलकर्णी यांच्या ‘गिरणी’मागे पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटची यंत्रणा होती, ‘पिस्तुल्या’मागे तशी नव्हती. तरीही ५८ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत कथाबाह्य विभागातील पदार्पणाचा सन्मान त्यास मिळाला. दारिद्र्यात वाढणाऱ्या एका मुलाला शाळेची ओढ आहे, एवढेच कथानक. मुख्य भूमिका सूरज पवार या अभिनयाची पार्श्वभूमी नसलेल्या मुलाने केली.

‘पिस्तुल्या’तील मुलगा शाळेच्या बाहेर आहे, ‘पावसाचा निबंध’मधील राजा शाळेत पोहोचलेला आहे. प्रश्न मात्र तेथेच सुटत नाही, आणि हाच या दोन कृतींना जोडणारा धागा होय. राजाला पावसावर निबंध लिहावयाचा आहे. शालेय निबंधातील पाऊस आनंददायी असतो. त्यात मोर नाचतो, धरती हिरवा शालू नेसते. राजाच्या घरात मात्र छप्पर गळते, आणि दारूच्या नशेतील बापाला कोसळत्या पावसातून घरी आणण्याची वेळ कुटुंबावर येते. पाऊस येथे पार्श्वभूमी नसून जवळजवळ एक पात्रच आहे. संवादांपेक्षा त्याचा आवाजच अधिक बोलतो. ‘उन्हाच्या कटाविरुद्ध’ हा कवितासंग्रह लिहिणाऱ्या कवीने पावसाचे ठरीव काव्य नाकारावे, हेही लक्षणीय आहे. ६५ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत कथाबाह्य विभागातील दिग्दर्शनाचा पुरस्कार मंजुळे यांना या कृतीसाठी मिळाला.

पिंपरी-चिंचवड व चाकण या औद्योगिक पट्ट्यातील अध्यापकांना राजाची अडचण परकी वाटू नये. सोलापूर, मराठवाडा, विदर्भ येथून कारखान्यांतील कामासाठी आलेल्या अनेक कुटुंबांचा पहिला निवारा पत्र्याच्या खोलीत असतो. त्या पत्र्यावर कोसळणारा पाऊस विद्यार्थ्याच्या उत्तरपत्रिकेत सहसा उतरत नाही. तो लिहिता येत नाही असे नव्हे; तो लिहावयाचा नसतो, हे विद्यार्थी फार लवकर शिकलेला असतो. शुद्धलेखन, अलंकार, मुद्द्यांची संख्या यांना गुण देणारी पद्धती त्याच्या या समजास दुजोराच देते.

दोन्ही लघुपट प्रत्येकी अर्ध्या तासाच्या आत संपतात. ‘पावसाचा निबंध’ तासिकेत दाखवून त्याच तासिकेत पावसावर एक परिच्छेद लिहावयास सांगणे शक्य आहे. मात्र तो परिच्छेद तपासताना अध्यापकाने कोणत्या ओळीखाली लाल रेघ ओढावी, हा खरा प्रश्न उरतो.