गुप्तलेखनाचें यंत्र आणि आमच्या घरांतील एक निरोप

आमच्या लहानपणीं घरांत आलेलें पत्र हें सर्व घराचें असे. टपालवाल्यानें ओसरीवर टाकलेलें पाकीट वडील मंडळी फोडीत, मोठ्यानें वाचीत, आणि मग तें ज्याच्या नांवें आलेलें असे त्याच्या हातीं पडे. माहेरचें पत्र अशा रीतीनें ऐकावें लागणाऱ्या सुनांना काय वाटत असेल, याचा विचार त्या काळीं फारसा कोणी केला नाहीं. मुलांनीं मात्र आपली सोय केव्हांच पाहिली होती. ‘पाणी’ला ‘चाणीप’ म्हणणारी च ची भाषा, डोळ्यांनीं बोलण्याची नेत्रपल्लवी, बोटांच्या खुणांची करपल्लवी, हीं साधनें ज्या घरांत माणसें दाट त्या घरांत आपोआप उपजतात.

आतां पत्रें गेलीं आणि खिशांत फोन आले. पण ती हौस गेली नाहीं. गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत आमच्या जळगांवच्या घरांतील अकरावींत शिकणाऱ्या पुतणीनें आणि धुळ्यास असलेल्या तिच्या चुलतभावानें आपापल्या फोनवर एक जुनें गुप्तलेखनाचें यंत्र उभें केलें. त्यापायीं घरांत जें घडलें तें वाचकांस सांगावें, आणि त्या यंत्राची ओळखहि करून द्यावी, असा या लेखाचा हेतु आहे.

या यंत्राचें नांव एनिग्मा, म्हणजे कोडें. आर्थर शेर्बियस नांवाच्या जर्मन इंजिनियरानें १९१८ सालीं त्याच्या पेटंटासाठीं अर्ज केला. १९२६ पासून जर्मन आरमारानें, व त्यानंतर लष्करानें, तें स्वीकारलें. दिसण्यांत तें लांकडी पेटींतल्या टंकलेखन यंत्रासारखें. कळ दाबली कीं वरच्या फळीवर दुसऱ्याच एका अक्षराखालचा दिवा लागे. आंत तीन चाकें एका आसावर शेजारीं शेजारीं बसविलेलीं. प्रत्येकाच्या दोन्ही बाजूंस सव्वीस टोकें, आणि एका बाजूचें टोक दुसऱ्या बाजूच्या भलत्याच टोकाशीं तारेनें जोडलेलें. विजेचा प्रवाह तिन्ही चाकांतून जाई, पलीकडच्या परावर्तकावरून उलटे, आणि निराळ्या वाटेनें परत येऊन दिवा लावी. खरी खुबी ही, कीं प्रत्येक कळीबरोबर उजवें चाक एक घर पुढें सरके. त्यामुळें तेंच अक्षर पुन्हां दाबलें तरी उत्तर सहसा निराळेंच येई. ज्याच्याजवळ तसेंच यंत्र व चाकांची तीच मांडणी असेल, त्यानें तीं गुप्त अक्षरें दाबलीं कीं मूळ मजकूर प्रगट होई.

अशा मांडण्या किती होतील, हा प्रश्न आम्हां खानदेशकरांस परका नाहीं. चाळीसगांवजवळच्या पाटणें येथें तेराव्या शतकाच्या आरंभींचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानें आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं मठ स्थापिल्याचें त्यांत सांगितलें आहे. त्याच भास्कराचार्यांच्या लीलावतींत ‘अंकपाश’ नांवाचें प्रकरण आहे. शंकराच्या दहा हातांत दहा वस्तु किती प्रकारें देतां येतील? ३६,२८,८००. विष्णूच्या चार हातांत शंख, चक्र, गदा व पद्म? चोवीस, आणि संध्येंत आपण जीं चोवीस नांवें घेतों, त्या मूर्तींतील भेद या आयुधांच्या क्रमावरच ठरविलेला आहे. हाच हिशेब महायुद्धांतल्या लष्करी एनिग्माला लावून पाहावा. पांच चाकांतून तीन निवडून क्रमानें ठेवण्याचे प्रकार ६०. तिन्हींच्या आरंभस्थिति १७,५७६. आणि पुढच्या फळीवर दहा तारांनीं अक्षरांच्या दहा जोड्या बांधण्याचे प्रकार १५,०७,३८,२७,४९,३७,२५०. या तिन्ही संख्यांचा परस्परांशीं गुणाकार केला म्हणजे एकूण मांडण्या मिळतात.

एवढी मोठी संख्या पाहून जर्मन सेनापति निर्धास्त राहिले, यांत नवल नाहीं. परंतु मारियन रेयेव्स्की या पोलिश गणितज्ञानें १९३२ सालींच चाकांतील तारांची जोडणी गणितानें शोधून काढिली, आणि जुलै १९३९ मध्यें पोलंडनें आपलें सर्व ज्ञान इंग्रज व फ्रेंचांच्या स्वाधीन केलें. इंग्लंडांत ब्लेचली पार्क येथें ॲलन ट्यूरिंग प्रभृतींनीं तें काम पुढें नेलें. ट्यूरिंगचे वडील मद्रास इलाख्यांत आय. सी. एस. अधिकारी होते. परावर्तकामुळें या यंत्रांत कोणतेंहि अक्षर स्वतःसाठीं कधींच उमटत नसे. एवढ्या एका उणिवेवरून शोधकांस शेंकडों तर्क बाद करतां येत. त्यांत हवामानाचे अहवाल ठराविक शब्दांनींच सुरू करण्याची लिहिणारांची संवय त्यांच्या फार उपयोगीं पडली.

उलगडा करणारा माणूस आमच्या धुळ्यासहि ठाऊक आहे. महानुभाव पंथीयांनीं आपले ग्रंथ सकळ लिपींत, म्हणजे एका अक्षराच्या जागीं दुसरें ठेवून, जपले होते. त्या लिपीचें कोडें सोडविणारांत इतिहासाचार्य राजवाडे हे प्रमुख होत. १९२६ सालीं धुळ्यासच ते वारले, आणि त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ तेथें उभें राहिलें.

आतां घरची गोष्ट. फोनवर हें यंत्र करणें मुलांस फार कठीण गेलें नाहीं. प्रत्येक चाक म्हणजे सव्वीस अक्षरांची एक ओळ. अक्षर ओळींतून पुढें न्यावयाचें, परतवावयाचें, उलट आणावयाचें. पहिलीं तीन चाकें क्रमानें लावून व तारांच्या जोड्या न बांधतां, ए-ए-ए पासून ए हें अक्षर पांच वेळां दाबलें असतां बी, डी, झेड, जी, ओ असें उत्तर यावें, ही खूण जाणत्यांत प्रसिद्ध आहे. दोघांचीहि यंत्रें या परीक्षेंत उतरलीं. मग जळगांव व धुळें यांमध्यें निरोपांचा सुकाळ झाला. मराठी मजकूर रोमन अक्षरांत लिहावयाचा, आणि त्याची लांबी कळूं नये म्हणून शेवटीं वाटेल तीं अक्षरें भरावयाचीं, असा त्यांचा करार होता.

आमच्या मातोश्री धुळ्यास धाकट्या बंधूंकडे असतात. जूनच्या आरंभीं त्यांस ताप भरला व छातींत कफ झाला. “जळगांवीं कळवूं नका, उगाच धांवत येतील,” असें त्यांनीं सर्वांकडून वदवून घेतलें. संध्याकाळीं आम्हीं फोन केला तर “मी बरी आहें” हेंच उत्तर मिळे. नातवाला मात्र चैन पडेना. वचन मोडावयाचें नाहीं आणि सांगितल्यावांचून राहवत नाहीं, अशा पेंचांत त्यानें बहिणीस यंत्रानें निरोप धाडिला: आजी बरी नाही. तिच्या फोनवर उमटलें तें “आजी बरी”, त्यापुढें एक एन, आणि मग कांहींतरी निरर्थक अक्षरें. पुढचा सारा भाग तिनें भरताड समजून सोडून दिला. तीन दिवसांनीं बंधूंना राहवलें नाहीं व त्यांचा फोन आला. तेव्हां एरंडोल-पारोळ्याच्या वाटेनें आम्ही घाईघाईनें धुळें गांठलें. ईश्वरकृपेनें मातोश्री आठवड्याभरांत उठून बसल्या. ते तीन दिवस मात्र आमच्या मनांतून जात नाहींत.

चूक कोठें झाली, हें पुतणीनें त्याच रात्रीं कागदावर चाकांची स्थिति एकेक पाऊल मांडून शोधलें. उजव्या चाकाचा एक फेरा झाला कीं मधलें एक घर सरकतें, हें तिला ठाऊक होतें. परंतु खऱ्या यंत्रांत मधलें चाक आपल्या खांचेशीं आलें कीं पुढच्याच कळीला तें डाव्या चाकास ढकलतांना स्वतःहि पुन्हां एक घर सरकतें. ही दुहेरी चाल भावानें घेतली होती. तिनें घेतली नव्हती. ए-ए-ए पासून आरंभ केल्यास पहिलीं शंभर अक्षरें दोन्ही यंत्रांत सारखींच येतात, आणि त्यांचे निरोप त्याहून लहान असत. त्या आठवड्यांत मात्र आरंभस्थिति बदलून ए-डी-ओ केली होती. तेथून आठ अक्षरें बरोबर येतात आणि नववें चुकतें. ‘नाही’ या शब्दाचा न तेवढा पोंचला. बाकीचा शब्द वाटेंत हरवला.

पोर रडकुंडीस आली. आम्हीं तिला एवढेंच म्हटलें, कीं पांच अक्षरांवर घेतलेली परीक्षा पुरी मानली, एवढाच तुझा दोष. आमचा दोष त्याहून मोठा. ज्या घरांत आजारपणाची बातमी सांगावयास कांहीं वर्षांपूर्वीं पाळण्यांत असलेल्या पोरांस गुप्त यंत्र शोधावें लागतें, त्या घरांतील वडिलांनीं आपल्या बोलण्याचा विचार करावयास हवा.

तेव्हांपासून आमच्या दोन्ही घरांत दोन नियम आहेत. ज्याचा फोन त्याचा. मुलाचा असो वा सुनेचा, दुसऱ्यानें तो उघडावयाचा नाहीं. आणि दुखणें कोणाचेंहि असो, तें त्याच दिवशीं, सरळ मराठींत, सर्वांस कळवावयाचें. दुसऱ्या नियमास मातोश्रींनीं प्रथम नापसंति दर्शविली. पण परवां गुडघा दुखूं लागला तेव्हां त्यांनीं आपण होऊन फोन केला. पुतणीच्या यंत्रांतहि आतां ती दुहेरी चाल आली आहे.