दारापुढची गरम वाट: आपल्याला परवडेल का?



दोन हिवाळ्यांपूर्वी आई बाळंतपणासाठी आमच्याकडे नीउ-व्हेनेपला आली होती. जानेवारीतल्या एका सकाळी दाराबाहेर दोन पावलं टाकली आणि घसरली. मनगटाला प्लास्टर! बाळाला न्हाऊ घालायला आलेली आजी महिनाभर एका हाताने पाळण्याची दोरी ओढत बसली. तेव्हापासून माझ्या डोक्यात किडा वळवळत होता, की दारापुढची वाट खालून गरम करून घेतली तर? शेवटी वही-पेन घेऊन हिशोबाला बसलो.

हे चालतं कसं?

प्रकार दोन. पहिल्यात फरशीखाली विजेच्या तारेची जाळी घालतात, बाथरूमच्या गरम फरशीसारखी. दुसऱ्यात प्लास्टिकच्या नळ्यांतून कोमट पाणी फिरवतात. ते गोठू नये म्हणून त्यात ग्लायकॉल मिसळतात. तापमान आणि ओल ओळखणारा सेन्सर दोन्हीकडे हवाच. फरशी तापायला वेळ लागतो, त्यामुळे बर्फ पडायच्या आधीच यंत्रणा सुरू व्हावी लागते.

आता गणित

बर्फाचं पाणी करायला भरपूर उष्णता लागते. शून्य अंशाचा एक किलो बर्फ वितळवायला जेवढी लागते, तेवढ्यात एक किलो पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापतं!

गाडी लावायची जागा २० चौरस मीटर धरू. त्यावर ५ सेंटिमीटर ताजा, भुसभुशीत बर्फ म्हणजे साधारण १०० किलो. तो वितळवायला ९ युनिट वीज पुरते, पण ती फक्त कागदावर. जमीन तापवण्यात आणि वाऱ्यावर बरीच उष्णता वाया जाते. चौरस मीटरला ३०० वॅट धरले तर ६ किलोवॅट होतात. पाच तास चालवलं की ३० युनिट. युनिटला पाव युरो धरला तरी साडेसात युरो झाले. एका सकाळचे!

शिवाय घरात ३५ अँपिअरचं एक-फेज कनेक्शन असेल तर एकूण मर्यादाच सुमारे ८ किलोवॅट. त्याच वेळी ओव्हन लावला की घरात अंधार.

मग इतरांना कसं परवडतं?

कारण त्यांच्याकडे उष्णता जवळपास फुकट असते. आइसलंडमध्ये रेक्याविकची घरं जमिनीतल्या गरम पाण्यावर तापतात. घरांतून बाहेर पडणारं सुमारे ३५ अंशांचं पाणी फूटपाथखालून फिरवतात. अमेरिकेत मिशिगन राज्यात हॉलंड नावाचं गाव आहे, १८४७ मध्ये इथूनच गेलेल्या डच लोकांनी वसवलेलं. तिथे १९८८ पासून वीजकेंद्रातलं वाया जाणारं गरम पाणी बाजारपेठेतल्या रस्त्यांखालच्या नळ्यांतून सोडतात. दुकानांसमोर फावडं लागत नाही!

आपल्या नेदरलँड्समध्येही ओम्स या रस्तेबांधणी कंपनीने डांबराखाली नळ्या घालून उन्हाळ्यातली उष्णता भूजलात साठवायची आणि हिवाळ्यात इमारती व रस्त्यासाठी वापरायची पद्धत विकसित केली. म्हणजे उन्हाळ्यात वाळवण घालून वर्षभर पापड खाण्यासारखंच.

आपल्या गावात अडचण काय?

हार्लेमरमेअर म्हणजे १८५२ मध्ये कोरडं केलेलं तळं, समुद्रसपाटीपेक्षा काही मीटर खाली. जमीन मऊ, विटा वाळूवर बसवलेल्या. त्या खचल्या की खालच्या तारांवर ताण येतो. वितळलेल्या पाण्याला नीट उतार नसेल तर ते कडेला जाऊन पुन्हा गोठतं, आणि घसरायची जागा फक्त दोन हात पुढे सरकते. बाहेरचा फूटपाथ नगरपालिकेचा, त्याला आपण हात लावू शकत नाही. आणि मुख्य म्हणजे इथे खरा बर्फ वर्षात मोजकेच दिवस पडतो.

थोडक्यात काय?

पूर्ण अंगण तापवणं म्हणजे आवळा देऊन कोहळा काढण्याच्या नेमकं उलटं! पण दारासमोरच्या विटा नाहीतरी बदलायच्या असतील, तर पायरी आणि एक मीटर रुंद, पाच मीटर लांब वाट करून घेण्यासारखी आहे. त्याला दीड किलोवॅट पुरतात, पाच तासांचे दोन युरोही होत नाहीत. बसवण्याचा खर्च मात्र वेगळा.

आम्ही तूर्त दारालगत कठडा बसवला. फावडं आणि मिठाची पिशवी नोव्हेंबरातच आणून ठेवतो. बर्फ तुडवला जाण्याआधी काढायचा, मगच मीठ टाकायचं, नाहीतर मीठ वाया जातं. आणि आईसाठी खडबडीत तळाचे बूट विमानतळावरच घेऊन जातो.

यंदा कोणाचे आईवडील हिवाळ्यात येणार असतील तर निदान कठड्याचं तरी बघाच. मनगट मोडल्यावर हिशोब करण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.