उपचारापूर्वीची अवहेलना

सरकारी रुग्णालयाच्या नोंदणीच्या खिडकीपाशी केसपेपर लिहिणारा कारकून नाव, गाव, वय विचारून ज्या क्षणी ‘स्त्री की पुरुष’ या रकान्यापाशी अडतो आणि मान वर करून न्याहाळू लागतो, त्या क्षणीच, डॉक्टरांचे दर्शन घडण्याच्या कितीतरी आधी, तृतीयपंथी रुग्णाची अवहेलना सुरू झालेली असते. जुन्या दाखल्यावरील नावाचा भर गर्दीत पुकारा होतो, रांगेतली माणसे वळून पाहतात, आणि भरती करण्याची वेळ आली की खाट पुरुषांच्या कक्षात द्यावी की स्त्रियांच्या, याचा निर्णय होईपर्यंत रुग्णाला व्हरांड्यातच तिष्ठावे लागते. असे एकदा घडले की पुढचे दुखणे माणूस अंगावर काढतो.

ही केवळ मानापमानाची बाब नाही. जन्मतः स्त्रीदेह लाभलेला परंतु पुरुष म्हणून जगणारा जो पारलिंगी इसम, त्याचे गर्भाशय कायम असेल तर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी त्यालाही आवश्यक असते. पण दफ्तरी ‘पुरुष’ अशी नोंद झाल्यावर ती तपासणी त्याला कोणी सुचवत नाही, आणि स्त्रीरोग विभागाच्या दारात उभे राहण्याचे धैर्य त्याला होत नाही. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात रॉबर्ट ईड्स या पारलिंगी पुरुषाला बीजाशयाचा कर्करोग झाला असता अनेक डॉक्टरांनी त्यांना उपचार नाकारले. १९९९ मध्ये त्यांचा अंत झाला.

आपल्याकडे कायद्याची उणीव आहे, असे म्हणवत नाही. ज्या खटल्यात ठाण्याच्या तृतीयपंथी कार्यकर्त्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी यांनीही आपली कैफियत मांडली होती, त्या ‘नालसा’ (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याचा निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी तृतीयपंथीयांना रुग्णालयांत योग्य उपचार मिळतील अशी तजवीज करण्याचे सरकारांना फर्मावले. २०१९ च्या तृतीयपंथी व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) अधिनियमाने तर वैद्यकीय अभ्यासक्रमाचा या दृष्टीने फेरविचार करण्याची जबाबदारीही शासनावर टाकली.

२०२३ मध्ये मुंबईच्या गोकुळदास तेजपाल रुग्णालयात तृतीयपंथीयांसाठी ३० खाटांचा स्वतंत्र कक्ष उघडला, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु २०११ च्या जनगणनेत एकट्या महाराष्ट्रातच ४०,८९१ जणांची नोंद ‘इतर’ या सदरात झाली होती, आणि त्यांतील प्रत्येकाला आजारपण मुंबईतच गाठील असे नाही. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातील डॉक्टर, परिचारिका आणि कक्षसेवक यांना या रुग्णांच्या शुश्रूषेचे रीतसर शिक्षण शासनाने विनाविलंब द्यावे.