शवासन: पडल्या पडल्या ध्यान

कोल्हापूरकराला जोर-बैठका सांगाव्या लागत नाहीत, अंग सैल सोडणं मात्र शिकावं लागतं; शवासन त्यासाठीच. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते आणि सहकाऱ्यांनी रक्तदाबाच्या ४७ रुग्णांना शवासन शिकवलं. त्याचे निष्कर्ष १९६९ मध्ये प्रसिद्ध झाले. अनेकांचा रक्तदाब उतरला, काहींच्या गोळ्या कमी करता आल्या. सगळ्यांना मात्र सारखा गुण आला नाही.

कृती सोपी आहे. उताणं पडा, पाय थोडे फाकवा, तळहात वर, डोळे मिटलेले. श्वास पोटातून, संथ. आत येणारी हवा नाकपुडीला गार लागते, बाहेर जाणारी कोमट. लक्ष तिथेच ठेवा. मन भरकटलं तर परत आणा. संथ श्वासाने विश्रांतीची चेतासंस्था जागी होते, हृदयाचे ठोके मंदावतात, स्नायूंचा ताण उतरतो.

डोळा लागला तर बिघडत नाही, पण जागेपणीची विश्रांती ही झोपेची भरपाई नव्हे. गरोदरपणाच्या उत्तरार्धात उताणं न झोपता डाव्या कुशीवर झोपावं.

रंकाळा तलावावरून फिरून आल्यावर पंधरा-वीस मिनिटं सतरंजीवर पडून हे रोज करा. रक्तदाबाची गोळी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.