पाहुणा उत्सव गावात काय ठेवून जातो?

मंडळी, आजचा विषय वेल्स नावाच्या एका छोट्या देशातल्या वार्षिक उत्सवाचा आहे. पण सुरुवात मी अणदूरपासून करणार आहे.

अणदूर आणि नळदुर्ग, आपल्या तुळजापूर तालुक्यातली दोन गावं. खंडोबाची देवळं दोन, देव मात्र एकच. तो सव्वादहा महिने अणदूरला राहतो आणि पावणेदोन महिने नळदुर्गला. पौष पौर्णिमेची मोठी यात्रा नळदुर्गला भरते. देव नेताना दोन्ही गावच्या मानकऱ्यांत लेखी करार होतो, कधी नेणार आणि कधी परत आणणार याचा. देवाच्या बाबतीतही तोंडी व्यवहार नाही, बघा.

म्हणजे फिरता उत्सव ही कल्पना आपल्याला नवी नाही. आपलं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनही फिरतंच असतं. १८७८ मध्ये पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने ग्रंथकारांचं पहिलं संमेलन झालं, आणि पुढे ते गावोगाव हिंडू लागलं. ९३ वं संमेलन १० ते १२ जानेवारी २०२० या दिवसांत आपल्याकडे आलं. तेव्हा गावाचं सरकारी नाव उस्मानाबाद होतं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष होते, ना. धों. महानोरांनी उद्‌घाटन केलं, संमेलननगरीला गोरोबाकाकांचं नाव दिलं होतं. मग संमेलन नाशिकला गेलं, उदगीरला गेलं, वर्ध्याला, अमळनेरला, दिल्लीला. खंडोबासारखा परतीचा करार इथे नसतो.

त्या तीन दिवसांत मी रोज मांडवात होतो. दुसऱ्या दिवशी शेजारी कळंबकडचे एक शेतकरी येऊन बसले. मांडीवर पुस्तकांची पिशवी. परिसंवाद संपल्यावर त्यांनी विचारलं, "सर, पुढच्या वर्षी कधी आहे?" यात्रेची तारीख विचारावी तसं. मी म्हटलं, पुढच्या वर्षी इथे नसतं, दुसऱ्या गावाला असतं. ते म्हणाले, "मग इथं काय?" मला उत्तर देता आलं नाही. आजचं व्याख्यान हे त्या प्रश्नाला उशिरा दिलेलं उत्तर समजा.

आता वेल्सकडे जाऊ. ब्रिटनच्या पश्चिमेला डोंगर, मेंढरं आणि जुन्या कोळसा खाणींचा हा देश. लोकसंख्या साधारण ३१ लाख, म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या दुपटीहून थोडी कमी. त्यांची वेल्श भाषा इंग्रजीहून अगदी वेगळी. २०२१ च्या जनगणनेत ती येणारे लोक होते सुमारे ५ लाख ३८ हजार. मराठी बोलणारे आपण २०११ च्या जनगणनेत आठ कोटींच्या वर होतो. तरी काळजी आपल्याला जास्त, असं कधीकधी वाटतं.

या मूठभर लोकांचा राष्ट्रीय उत्सव म्हणजे आइस्टेदवोद. शब्दाचं मूळ 'बसणे' या क्रियापदात आहे, तेव्हा आपण त्याला बिनदिक्कत 'बैठक' म्हणू. ११७६ मध्ये कार्डिगनच्या किल्ल्यात एका वेल्श राजाने कवी आणि वादकांच्या स्पर्धा घेतल्या, आणि जिंकणाऱ्यांना खुर्चीचा मान दिला. तिथपर्यंत ही परंपरा मागे नेतात. आजच्या स्वरूपातली राष्ट्रीय बैठक १८६१ पासूनची. दर ऑगस्टच्या सुरुवातीला ती भरते, साधारणपणे एका वर्षी उत्तर वेल्समध्ये, दुसऱ्या वर्षी दक्षिणेत. १९५० पासून नियम असा की मंचावर फक्त वेल्श. ज्याला येत नाही त्याने कानाला यंत्र लावून भाषांतर ऐकावं.

इथपर्यंत आपल्या संमेलनासारखंच वाटेल. फरक पुढे आहे. कुठल्या भागात बैठक भरणार हे किमान एक वर्ष आणि एक दिवस आधी, वाजतगाजत जाहीर करण्याचा रिवाज आहे. मग स्पर्धांची यादी निघते आणि त्या भागाचं वर्ष तयारीत जातं. स्थानिक समिती निधी गोळा करते, बैठकीसाठी म्हणून स्थानिक गायकवृंद उभा राहतो. कवीला द्यायची लाकडी खुर्ची दरवर्षी नवी घडवतात, पुष्कळदा त्याच भागातला कारागीर ती करतो. म्हणजे उत्सव आठवड्याचा, पण त्याचं काम वर्षभर. आपल्याकडे यजमान गावाचं वर्ष कशात जातं? मांडव, भोजन, निवास, पाहुण्यांच्या गाड्या. ही कामं कष्टाची असतात, मी त्यांना नावं ठेवत नाही. पण ती व्यवस्थेची कामं आहेत, लिहिण्या-वाचण्याची नव्हेत.

पायथागोरसच्या नावावर एक दृष्टान्त सिसेरोने सांगितला आहे. उत्सवाला तीन प्रकारचे लोक येतात: स्पर्धेत उतरणारे, विकणारे आणि नुसते पाहणारे. त्यात पाहणारा श्रेष्ठ, आणि तत्त्वज्ञ तो. आयुष्यभर मी वर्गात हा दृष्टान्त मान डोलावून शिकवला. आता वाटतं, तत्त्वज्ञानाला तो ठीक आहे, उत्सवाला घातक आहे. आपल्या संमेलनात पाहणारे हजारोंनी असतात, ग्रंथविक्रीही चांगली होते. पण कळंबच्या माणसाने आपलं लिहिलेलं घेऊन उतरावं असं तिथे फार थोडं असतं.

वेल्समध्ये कविता टोपणनावाने पाठवतात. परीक्षकाला कळत नाही की ती प्राध्यापकाची आहे की मेंढपाळाची. निकालाच्या दिवशी मंडपात फक्त टोपणनाव पुकारतात, कर्णे वाजतात, आणि गर्दीत कुठेतरी एक माणूस उठून उभा राहतो. तोच कवी. १९१७ साली टोपणनाव पुकारलं आणि कुणी उठलं नाही. तो हेड विन हे काव्यनाम घेतलेला मेंढपाळ होता, आणि पाचएक आठवड्यांपूर्वी, ३१ जुलैला, बेल्जियमच्या रणांगणावर मारला गेला होता. रिकाम्या खुर्चीवर काळं कापड घातलं. ती बैठक आजही 'काळ्या खुर्चीची' म्हणून ओळखली जाते.

आणि एकही कविता योग्यतेची नसेल तर? तर त्या वर्षी खुर्ची कुणालाच देत नाहीत. हे ऐकून मला आपले तेरचे गोरोबाकाका आठवतात. संतांचा मेळा जमलेला असताना काकांनी मडकी तपासायची थापटी घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारली आणि नामदेवांसारख्याला कच्चं मडकं ठरवलं, ही कथा आपल्याला तोंडपाठ आहे. पुढे नामदेव रागावून बसले नाहीत, गुरू शोधायला गेले. आपण संमेलननगरीला काकांचं नाव दिलं, थापटी मात्र घरीच ठेवली.

वेल्सचं सगळंच सोन्याचं आहे असं नाही. त्यांच्या समारंभातला 'प्राचीन' विधी योलो मोर्गानग नावाच्या गवंड्याने, तोही पाथरवट, १७९२ मध्ये लंडनमध्ये सुरू केला, आणि जुनी म्हणून त्याने दाखवलेली पुष्कळ कागदपत्रं बनावट निघाली. त्याच विधीपायी यजमान गावात मोठ्या दगडांचं वर्तुळ उभारायची पद्धत पडली. उत्सव गेला तरी दगड राहायचे. वेल्समध्ये अनेक गावांत ही वर्तुळं आजही दिसतात, पोरं त्यांवर खेळतात. या शतकात खर्च वाचवायला फायबरचे दगड केले, जे गाडीत घालून पुढच्या गावाला नेता येतात. दरवर्षी जागा बदलणं महाग पडतं, एक-दोन ठिकाणीच भरवावी का, हा वादही तिथे झालेला आहे.

आपल्याकडे काय राहिलं? संमेलनानंतर काही महिन्यांनी मी जिल्ह्यातल्या एका वाचनालयात गेलो. संमेलनात घेतलेल्या पुस्तकांचे गठ्ठे सुतळीसकट कपाटात होते आणि कपाटाची किल्ली असलेले गृहस्थ रजेवर होते. मग टाळेबंदी आली, दोष एकट्या कुणाचा नाही.

व्याख्यानानंतर एका शिक्षिकेने विचारलं की आपण नेमकं काय करायचं. माझं म्हणणं छोटं आहे. चैत्र वद्य त्रयोदशीला तेरला काकांच्या समाधीची यात्रा भरतेच, तिची तारीख कुणाला विचारावी लागत नाही. त्याच्या आधी वर्षभर जिल्ह्यातल्या शाळांतून आणि गावांतून टोपणनावाने लेखन मागवायचं, आणि यात्रेच्या दिवसांत तेरला निकाल सांगायचा. त्या बाई म्हणाल्या, "आणि चांगलं काहीच आलं नाही तर?" मी म्हटलं, मग तसं सांगायचं. त्यांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं आणि विचारलं, यंदाच्या चैत्राला किती महिने उरले?