टोचते, पण आपली आहे!

पुणे-नाशिक हायवेवर संगमनेरजवळ मेंढरं आडवी आली, की हात लगेच हॉर्नवर जातो ना? पुढच्या वेळी जरा थांबा, बॉस! या आहेत आपल्या दख्खनी मेंढ्या. बहुतेक काळ्या, लोकर राठ. धनगर ती वर्षातून दोनदा कातरतात. मग सूत कातायचं, त्याला चिंचोक्याची खळ लावायची आणि सनगरांनी खड्डामागावर विणायचं. झाली घोंगडी तयार! थंडीत पांघरूण, पावसात रेनकोट. पण मऊमऊ ब्लँकेटं आली आणि घोंगडी मागे पडली. आता लोकर विकून बऱ्याचदा कातरणीची मजुरीही सुटत नाही, मग विणणार कोण? यंदा थंडीत एक अस्सल घोंगडी घरी आणाच. टोचेल थोडी, पण माग चालू राहील.